उजेड आला की मिस्ड कॉल

फोटो काढणाऱ्यांच्या हार्ड डिस्क भरत जातात तसे त्यांचे किस्सेही साठत जातात. फरक एवढाच, की फोटो दाखवायला लागलं की पाहुणे घड्याळ बघतात आणि किस्सा सांगायला लागलं की चहा मागतात! त्यातही काढलेल्या फोटोबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. हुकलेल्या फोटोबद्दल मात्र तासन्‌तास बोलता येतं, आणि आमच्याकडे तो साठा भरपूर आहे.

आम्ही म्हणजे चौघं. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात राहून निसर्गाचे फोटो काढतो. "या पट्ट्यात कसला आलाय निसर्ग?" असं विचारणाऱ्याला आम्ही उत्तर देत नाही, कारण प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण इथेही कधीतरी, कुठल्याही दिवशी, न सांगता उजेड असा काही पडतो की समोरची पाण्याची टाकीसुद्धा बघत बसावीशी वाटते. मग पाच-दहा मिनिटांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं राखाडी. त्या पाच-दहा मिनिटांसाठी तयार राहायचं, एवढाच आमचा छंद.

आमचे म्होरके सबनीस सर. डोंबिवली पूर्वेला राहतात, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमधून रिटायर झालेत. दुसरा हेमंत पाटील, कोलशेतचा. घराणं भातशेती आणि मिठागरांचं. आता त्या जमिनींवर बिल्डिंगा आहेत आणि हेमंतकडे आम्हा तिघांच्या मिळून असतील त्याहून महागाच्या लेन्स. तिसरा निखिल, वयाने सगळ्यांत लहान, माजिवड्याला टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर राहतो आणि आयटीतलं काम घरूनच करतो. चौथी मी. दातांची डॉक्टर. दवाखाना विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, घर कल्याणला.

सरांचे नियम कडक. कॅमेऱ्याची बॅग कपाटात नाही, दाराशी, चपलांच्या शेजारी. बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, लेन्स लावलेली. "निसर्ग अपॉइंटमेंट देत नाही, डॉक्टर," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मी मान डोलवायला लागते.

आणि दुसरा नियम मिस्ड कॉलचा. ज्याला उजेड पहिल्यांदा दिसेल त्याने बाकी तिघांना मिस्ड कॉल द्यायचा. मेसेज नाही. मेसेज टाइप करेपर्यंत ढग निघून जातो. फोन उचलायचा नाही, फक्त बाहेर बघायचं. सुरुवातीला निखिलने एकदा चुकून उचलला, तर सर पलीकडून ओरडले, "उचललास कशाला? बाहेर बघ!" आणि फोन ठेवून दिला.

\*

सरांच्या तयारीचा हा किस्सा आम्हाला काकूंनी सांगितला. काकू म्हणजे सरांच्या मिसेस, शाळेत भूगोल शिकवायच्या.

एका दुपारी त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. एकच आरडाओरडा झाला आणि सगळे जिन्याने खाली पळाले. कोणी दागिन्यांचा डबा आणला, कोणी पासपोर्ट. समोरच्या जोशींच्या सुनेने गॅसवरून उतरवलेला कुकर तिच्या हातातच राहिला होता. सर सगळ्यांत आधी खाली. पाठीवर बॅग!

खाली आल्यावर लोक आपापली माणसं मोजायला लागले. तेव्हा सरांच्या लक्षात आलं की आपण घरात दोघं राहतो.

बिल्डिंगला लिफ्ट नाही, सरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि काकूंचे गुडघे कधीच गेलेले. कठडा धरून एकेक पायरी उतरत त्या खाली पोचल्या तोवर आग विझवून झाली होती आणि जोशींच्या सुनेने कुकर पुन्हा वर नेला होता. काकूंनी सरांकडे बघितलं. मग बॅगेकडे बघितलं.

"बॅटरी फुल आहे ना?"

\*

या बिल्डिंगबद्दल इथेच सांगून टाकते. ती जुनी झालीय, रिडेव्हलपमेंटला जायचीय. सगळ्या सभासदांनी संमतीच्या सह्या दिल्या होत्या. एक सोडून. तो एक कोण हे सांगायला नको.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सर सांगायचे, "ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हा मी रोज साइटवर जायचो. ओळंबा लावून बघितलेली आहे. काहीही झालेलं नाही हिला." ऑडिटवाल्यांनी धोकादायक म्हटलं, तर सर म्हणाले, "त्यांना पैसेच ते म्हणायचे मिळतात."

खरं कारण घरात आणि आम्हा तिघांत सगळ्यांना माहीत होतं. सरांच्या गच्चीतून मलंगगडाची आख्खी रांग दिसते. मलंगगड, त्याच्या बाजूचे सुळके, मागे चंदेरी. म्हणजे दिसायला पाहिजे. एरवी धूळ आणि धुरकं असतं, पावसाळ्यात ढग. सगळं लख्ख दिसेल आणि वर संध्याकाळचं ऊन त्या कड्यांवर पडेल असा दिवस सरांना अनेक वर्षांत मिळाला नव्हता. एकदा मिळाला तेव्हा ते नेमके पुतणीच्या लग्नाला साताऱ्यात होते. "एक मनासारखा मलंगगड मिळू दे, दुसऱ्या दिवशी सही करतो," असं ते काकूंना म्हणायचे. बिल्डिंग पाडली की गच्ची गेली, आणि नवीन बांधून होईपर्यंत समोर कोणाचा टॉवर येईल सांगता येत नाही.

काकूंना मलंगगड नको होता, लिफ्ट हवी होती. भाजी आणायला त्या शेवटच्या कधी खाली उतरल्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. शेजारचे लोक सरांशी बोलेनासे झाले होते. जिन्यात सर दिसले की दार लावून घ्यायचे. सर म्हणायचे, "बरं झालं, जिना मोकळा मिळतो."

\*

माझ्या दवाखान्यातली गोष्ट. एका बाईंची दाढ काढायची होती. मी इंजेक्शन दिलं, आता दहा मिनिटं बधिर व्हायला द्यायची, तेवढ्यात मिस्ड कॉल. बाहेर बघितलं तर आकाश असं, की मी असिस्टंटला "आलेच" म्हटलं, बॅग उचलली आणि गच्चीत! दाढेचं काही बिघडणार नव्हतं. तिला तसंही थांबायचंच होतं.

चार-पाच फोटो काढले. खूश होऊन मागे वळले तर बाई माझ्या मागे उभ्या. गळ्यात निळा नॅपकिन, अर्धा चेहरा बधिर, एका हाताने गाल धरलेला आणि दुसऱ्या हाताने मोबाईलमध्ये फोटो काढणं चाललेलं.

"अहो, तुम्ही कशाला उठलात?"

त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हातानेच मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मी त्यांच्या फ्रेममध्ये येत होते.

दाढ काढली, बाई गेल्या. टाके काढायला या म्हणून आठवड्याने फोन केला तर म्हणाल्या, "डॉक्टर, आकाश कसंय आज तिकडे?"

"साधंच आहे."

"मग नको. चांगलं असेल तेव्हा बोलवा, मिस्टरांना पण घेऊन येते."

\*

निखिलचं म्हणणं, त्याच्याइतका तयार कोणीच नाही. टेबलासमोर काच, काचेसमोर येऊरचे डोंगर, उठायचीसुद्धा गरज नाही. "ताई, माझी तर खिडकीच ट्रायपॉड आहे," असं तो म्हणतो. याचा अर्थ काय ते मी अजून विचारलेलं नाही.

एका संध्याकाळी त्याची मीटिंग चालू होती. मोठी मीटिंग, क्लायंट वगैरे हजर. मिस्ड कॉल आला. निखिलने खिडकीकडे बघितलं तर येऊरच्या मागे सूर्य बुडत होता आणि ढगांना खालून आग लागली होती. मीटिंगमधून उठता येईना. मग याने काय करावं? खुर्ची हळूच फिरवली, लॅपटॉप फिरवला, स्वतः एका कडेला सरकला आणि ते सगळं आकाश आपल्या मागे घेतलं. म्हणजे निदान स्क्रीनशॉट तरी मिळेल!

जरा वेळाने मॅनेजरचा आवाज आला. "निखिल, ये व्हर्च्युअल बॅकग्राउंड हटाओ यार. क्लायंट है कॉल पे. अनप्रोफेशनल लगता है."

"सर, ओरिजिनल है. खिडकी है मेरी."

निखिलला वाटलं, आता कौतुक होणार.

"अच्छा," मॅनेजर म्हणाला. "तो फिर ब्लर कर दो."

\*

बाहेरच्यांना वाटतं की फोटोला कॅमेरा लागतो. कॅमेरा नंतर. आधी लागते गच्चीची चावी.

माझ्या दवाखान्याची सोडली तर आमच्या पट्ट्यात एकही गच्ची उघडी नसते. कुलूप असतंच, आणि चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी कोणालाही "कशाला?" असं विचारल्याशिवाय ती देत नाही. "फोटो काढायचेत" हे उत्तर चालत नाही. मी एकदा देऊन बघितलं, तर आमचे सेक्रेटरी कुलकर्णी म्हणाले, "कोणाचे?"

आमच्या सोसायटीत गच्चीचा वापर वाळवणासाठी करायला मात्र परवानगी आहे. तसं नोटीस बोर्डावरच लिहिलंय. मग मी ताटात कुरडया घ्यायला लागले. ताटावर पंचा, पंच्याखाली कॅमेरा. कुलकर्णी ताटाकडे बघायचे आणि निमूट चावी द्यायचे. कुरडया त्याच. वर न्यायच्या, खाली आणायच्या. त्या इतक्या कडक झाल्या होत्या की ताटात नाण्यांसारख्या वाजायच्या.

जुलै महिन्यात एकदा ढग फुटून मस्त उजेड आला. मी सवयीने ताट घेऊन कुलकर्ण्यांच्या दारात. दार मिसेस कुलकर्णींनी उघडलं. बाहेर नुकताच पाऊस पडून गेलेला, जिन्यात सगळ्यांच्या छत्र्या ठिबकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आत जाऊन चावी आणली आणि हातात देताना हळूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, निदान महिन्याभराने पदार्थ तरी बदला! मलाच ह्यांना उत्तरं द्यावी लागतात."

\*

हेमंतच्या गाडीत कायम दोन कॅमेरे असतात, एक घरी असतो आणि एक सासरी. सासरी कशाला ते आम्ही विचारलं होतं. म्हणाला, "मॅडम, तिकडे गेलो आणि लाईट आली तर? बायकोला काय सांगू, चल परत?"

थंडीच्या दिवसांत कोलशेतला खाडीवर सकाळी धुकं येतं. एका सकाळी असं धुकं आलं की हेमंत दात न घासताच निघाला. खाडीकडची जी जागा त्याला हवी होती तिथे आता मोठं कॉम्प्लेक्स झालंय. त्याच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं की पाणी दिसतं. हेमंतने ट्रायपॉड लावला. शिट्टी वाजवत वॉचमन आला.

"साहब, बाहर का आदमी अलाउड नहीं."

"बाहर का?" हेमंत तापला. "अरे, ही आख्खी जमीन आमची होती! हमारा मिठागर था इधर. मेरे दादा का!"

वॉचमनवर काहीही परिणाम झाला नाही. शांतपणे म्हणाला, "साहब, इधर सब यही बोलते हैं."

धुकं गेलं. हेमंत चरफडत घरी आला आणि त्याने सगळं वडिलांना सांगितलं. आबा ओट्यावर मिसरी लावत बसले होते. वॉचमनचा राग त्यांना अजिबात आला नाही. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता.

"फोटू कनाला काढतंस?" ते म्हणाले. "मी हाय नं अजून जिता. कसा दिसं, ता मना इचार."

हेमंत हे सांगताना हसतो. पण त्यानंतर दर रविवारी सकाळी तो आमच्याबरोबर येत नाही, आबांपाशी बसतो. रेकॉर्डिंग करतो म्हणे. आबा बोलतात कमी आणि खोकतात जास्त, अशी त्याची तक्रार आहे.

\*

हा किस्सा सांगावा की नाही असा प्रश्न मला पडतो. दर वेळी सांगते.

ठाण्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे वडील गेले. चौघं मिळून भेटायला गेलो. हॉलमध्ये सगळे खाली मान घालून बसले होते. कोपऱ्यात त्या घरातल्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सरांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. मी, हेमंत आणि निखिल सतरंजीवर.

कोणीतरी "शेवटपर्यंत फिरते होते हो," असं म्हणत होतं, तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन घरघरला आणि थांबला. मग हेमंतच्या खिशात घरघरला आणि थांबला. मग निखिलच्या. मी सरांकडे बघितलं. सर गंभीर चेहऱ्याने समोर बघत होते आणि त्यांचा एक हात खिशात होता.

आम्ही तिघांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर सगळं सोनेरी झालेलं. समोरच्या बिल्डिंगची गळकी भिंतसुद्धा झळकत होती. उठणार कसं? कोणी कोणाकडे बघेना. निखिलचा गुडघा नुसता हलत होता.

आजींनी मान वर केली. "गच्चीत जायचंय का तुम्हाला?"

आम्ही "नाही, नाही!" म्हणालो. चौघंही, एकदम.

"चावी दाराच्या मागे खिळ्याला आहे," आजी म्हणाल्या. "हे रोज याच वेळेला जायचे वर."

मग नाही म्हणणं बरं दिसेना. आम्ही चावी घेऊन वर गेलो. कठड्याशी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती, पश्चिमेकडे तोंड करून. आम्ही उभे राहिलो. फोटो कोणी काढला नाही.

हेमंतने एक काढला.

\*

आता सरांच्या दाढेचं.

सरांची एक दाढ खूप दिवस त्रास देत होती आणि ते टाळत होते. ऑक्टोबरमध्ये गाल सुजला, तेव्हा काकूंनीच मला फोन करून वेळ घेतली. सर दुपारी दवाखान्यात आले ते बॅगेशिवाय. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला! म्हणाले, "ही म्हणाली, दाढ काढायला कॅमेरा कशाला लागतो? आणि आज सकाळपासून नुसतं मळभच आहे. म्हटलं, जाऊ दे."

दाढ अवघड निघाली. बाहेर मध्येच एक जोराची सर येऊन गेली, पण माझं लक्ष नव्हतं. शेवटी दाढ आली. मी कापसाचा बोळा ठेवला आणि बजावलं, "आता घट्ट चावून धरा. दोन तास तोंड उघडायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही."

सरांनी मान हलवली आणि खिडकीकडे बघितलं. मग मी बघितलं.

हवा धुऊन निघाली होती. ढगांच्या खालून ऊन आडवं आलं होतं आणि विठ्ठलवाडीच्या छपरांपलीकडे मलंगगड एवढा जवळ वाटत होता की त्याच्या कड्याच्या भेगा मोजता आल्या असत्या. सर खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत सगळं संपणार होतं, हे त्यांनाही कळत होतं. मी माझा कॅमेरा पुढे केला तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. त्यांना तो त्यांच्या गच्चीतून हवा होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच हत्यारं आवरत बसले.

मग त्यांनी फोन काढला आणि सवयीने मिस्ड कॉल दिले. हेमंतला, निखिलला. माझाही फोन वाजला, मी समोर उभी असताना! आणि शेवटी त्यांनी आणखी एक नंबर लावला. काकूंचा. तो वाजला आणि त्यांनी कट केला.

पुढचं काकूंनी सांगितलं. "आधी मला कळेचना. दाढ काढल्यावर बोलायला बंदी असते, मग हे फोन कसला करतायत? तेवढ्यात डोक्यात आलं, बाहेर बघ."

त्यांनी बाहेर बघितलं. बॅग दाराशी होतीच, सरांनी कधीच करून घेतलेली गच्चीची दुसरी चावी बॅगेच्या हुकाला. वरचा एक जिना त्या किती दिवसांत चढल्या नव्हत्या कोण जाणे. बसत, उठत, कठडा धरत त्या वर गेल्या. कॅमेरा काढला. कुठलं बटण दाबायचं हे त्यांना माहीत होतं, इतकी वर्षं बघत आल्या होत्या.

मी सरांना गाडीने घरी सोडलं. पत्रीपुलावर आम्ही अडकलो, आणि तिथेच ते ऊन गेलं. सर गाल धरून समोरच्या गाडीची नंबर प्लेट बघत बसले होते.

घरात शिरलो तर काकू सोफ्यावर, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी, मांडीवर कॅमेरा. "घ्या," त्या म्हणाल्या. "जमलंय का बघा."

सरांनी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. स्क्रीनवर फोटो आला आणि मी "अगं बाई!" म्हणाले. खोटं कशाला बोलू, आमच्या चौघांपैकी कोणाकडे असा मलंगगड नाही. आख्खी रांग, प्रत्येक सुळका सुटा, कड्यांवर केशरी ऊन, खाली सावलीत गेलेली गावं. सर किती तरी वेळ बघत होते. त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. बोळ्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं आणि ते बरंच झालं.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फोनशेजारचं पॅड ओढून त्यावर लिहिलं आणि काकूंसमोर धरलं. "वाकडा आलाय."

खरंच होतं. लक्ष देऊन बघितलं की कळायचं. रांगेच्या अलीकडचे विजेचे मनोरे, बांधकामाच्या क्रेन, सगळं एका अंगाला कललेलं.

आमचे सर फोटो वाकडा येऊच देत नाहीत. त्यांच्या बॅगेत एक छोटी स्पिरिट लेव्हल असते. काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि एक बुडबुडा. ती कॅमेऱ्यावर बसवायची आणि बुडबुडा बरोबर मध्ये आला की मगच बटण दाबायचं, असा त्यांचा रिवाज. काकूंना हे सगळं कुठलं माहीत असायला?

काकू चिडल्या. "वाकडा कसा येईल? माझे हात थरथरतात म्हणून मी हातात धरलाच नाही. सरळ गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि दाबलं. सगळे तसेच काढलेत, बघा हवं तर."

सरांनी पुढचा फोटो बघितला. त्याच्या पुढचा. मनोरे सगळ्यांत कललेले, एकाच बाजूला, सारखेच.

ते उठले. बॅगेतून ती काचेची नळी काढली आणि बाहेर पडले. तोंडात बोळा, नुकतीच दाढ काढलेली, म्हणून मी मागोमाग गेले. गच्चीत अजून थोडा उजेड होता. सरांनी नळी कठड्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी ती उचलून चार पावलं पुढे ठेवली. मग कोपऱ्यापाशी. मग समोरच्या बाजूच्या कठड्यावर. प्रत्येक वेळी ते वाकून, चष्मा वर करून बघायचे. मीही बघत होते. बुडबुडा दर वेळी त्याच टोकाला.

जिना उतरताना त्यांनी भिंतीला हात लावून ठेवला होता.

घरात येऊन त्यांनी काकूंपुढे हात केला आणि हवेत लिहिल्यासारखं केलं. काकूंनी पेन दिलं आणि पॅड पुढे सरकवलं. सरांनी पॅड बाजूला सारलं. फ्रिजवरच्या रद्दीखालून सोसायटीची फाईल ओढली, संमतीचा कागद काढला आणि सही केली.

काकू बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी इतक्या वर्षांत तसा बघितला नव्हता.

"अहो! एवढा आवडला फोटो?"

सरांनी हो म्हणून मान हलवली. बोलायला मी मनाई केलेलीच होती.